पगारी अध्यापकाचा इतिहास

सर जदुनाथ सरकार यांचे नाव महाराष्ट्रात निघाले की बहुधा एखादा वादच आठवतो. शिवचरित्र लिहिताना त्यांनी मराठी बखरींना दुय्यम लेखले, फारशी अखबारांवर आणि इंग्रजांच्या वखारींतील पत्रांवर अधिक भिस्त ठेवली, पुण्याच्या इतिहाससंशोधकांशी त्यांचे कधी सूत जमले नाही, हा तपशील एका पिढीला तोंडपाठ होता. चाहत्यांनी त्यांना ऋषिपद बहाल केले, विरोधकांनी साम्राज्याचा सरदार ठरविले. या दोन्ही गजरांत एक साधी गोष्ट मागे पडली. जदुनाथ हे १८९३ पासून १९२६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षे, महाविद्यालयात शिकविणारे पगारी अध्यापक होते. औरंगजेबाच्या इतिहासाचे पाचही खंड आणि शिवाजीचे चरित्र हे सारे काम त्यांनी तास घेऊन, उत्तरपत्रिका तपासून आणि बदलीचे हुकूम पाळून केले.

इतिहासकाराच्या ग्रंथांची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या नोकरीची होत नाही. वस्तुतः संशोधन हीही एक निर्मिती आहे आणि कोणत्याही निर्मितीला वेळ, पैसा व साधने लागतात. ती कोणी पुरविली, त्यांची किंमत कोणी मोजली आणि फळ कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न विद्येच्या क्षेत्रातही विचारावाच लागतो. जदुनाथांचे आयुष्य या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर बुद्धिमत्तेची गोष्ट मागे राहते आणि व्यवस्थेची गोष्ट पुढे येते. ती आजच्या अध्यापकाला अधिक जवळची आहे.

कापसाच्या पैशावर संशोधन

जदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी राजशाही जिल्ह्यातील करचमारिया या खेड्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. घराणे जमीनदारांचे, वडील राजकुमार सरकार वाचनाचे शौकीन, आणि घरात इतिहासाच्या पुस्तकांचा चांगला संग्रह. खेड्यातल्या मुलाला लहानपणीच ग्रंथ हाताशी मिळणे ही त्या काळी सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट नव्हती. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून इंग्रजी व इतिहास हे विषय घेऊन ते बी. ए. झाले आणि १८९२ मध्ये इंग्रजी साहित्यात एम. ए.च्या परीक्षेत पहिल्या वर्गात पहिले आले.

म्हणजे ज्यांना आपण मोगल इतिहासाचे आद्य पंडित समजतो, त्यांची पदवी इतिहासाची नव्हती. १८९३ मध्ये रिपन महाविद्यालयात आणि त्यानंतर मेट्रोपॉलिटन महाविद्यालयात ते इंग्रजीचे अध्यापक होते. पहिले सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे, दुसरे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी उभारलेले. दोन्ही एतद्देशीयांनी चालविलेली खासगी महाविद्यालये. इतिहासाकडे त्यांना वळविले ते प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीने.

या शिष्यवृत्तीचा उगम मुंबईतला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईचे प्रेमचंद रायचंद अमाप श्रीमंत झाले. युद्ध संपताच बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही अडचणीत आले. परंतु त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई मनोरा उभा राहिला आणि कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या २ लाख रुपयांतून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. सट्ट्यातून आलेला पैसा कोठे जिरतो याचे हिशेब अर्थशास्त्रात नेहमी मांडले जातात. त्यातला काही भाग तीस वर्षांनंतर एका बंगाली तरुणाच्या टेबलावर फारशी हस्तलिखितांच्या रूपाने येऊन पडला, ही नोंद मात्र क्वचितच होते. १८९७ मध्ये जदुनाथांना ही शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी केलेला अभ्यास १९०१ मध्ये ‘इंडिया ऑफ औरंगजेब’ या नावाने प्रसिद्ध झाला. राजे आणि लढाया यांच्यापेक्षा सुभ्यांचे भूगोल, महसुलाचे आकडे आणि रस्ते हा या पहिल्या ग्रंथाचा विषय होता, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पाटण्याची अठरा वर्षे

१८९८ मध्ये जदुनाथ सरकारी नोकरीत शिरले आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बदली पाटण्याला झाली. कलकत्ता ही तेव्हा हिंदुस्थानची राजधानी; सरकारी दप्तरे, एशियाटिक सोसायटी, छापखाने, मासिके, मानमरातब सारे तेथे. तिच्या मानाने पाटणा म्हणजे आडगाव. अशा बदलीला सामान्यतः शिक्षा समजतात. जदुनाथांच्या बाबतीत ती पथ्यावर पडली, कारण पाटण्यात खुदाबक्ष यांचे ग्रंथालय होते.

खुदाबक्ष हे पाटण्याचे वकील. वडिलांकडून वारशाने आलेली हस्तलिखिते त्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून वाढवीत नेली आणि सुमारे ४ हजार अरबी-फारशी हस्तलिखितांचा संग्रह १८९१ मध्ये सार्वजनिक करून टाकला. एका वकिलाने आपली मिळकत लोकांसाठी खुली केली आणि आठ वर्षांनी तेथे आलेल्या एका अध्यापकाने तिचे चीज केले. सार्वजनिक ग्रंथालयावर खर्च झालेल्या रुपयाचा परतावा कोणाला, केव्हा आणि कोणत्या रूपाने मिळेल हे आधी सांगता येत नाही; म्हणून तो खर्च व्यर्थ ठरत नाही. खुदाबक्ष १९०८ मध्ये वारले, तेव्हा जदुनाथांनी त्यांच्यावर लेख लिहून हे ऋण मान्य केले.

इंग्रजीच्या पदवीत फारशीचा समावेश नव्हता. ती भाषा जदुनाथांनी स्वतंत्रपणे कमावली. पुढे मराठी, पोर्तुगीज व फ्रेंच यांचीही भर घातली. औरंगजेबाच्या पन्नास वर्षांच्या राजवटीची मूळ साधने ज्या ज्या भाषेत आहेत, ती ती भाषा आपल्याला आली पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. साधने एका ठिकाणी नव्हती. रामपूर व हैदराबाद येथील संग्रह, जयपूरचे दप्तर, लंडनचे इंडिया ऑफिस, पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय असा त्यांचा विस्तार होता. जेथे जाता आले तेथे जदुनाथ सुट्टीत गेले. जेथे जाता आले नाही तेथून त्यांनी नकला व छायाचित्री प्रती मागविल्या. औरंगजेबाच्या दरबारातली दैनंदिन बातमीपत्रे, म्हणजे अखबारात, कर्नल टॉडने राजपुतान्यातून विलायतेला नेली होती. त्यांच्या प्रती जदुनाथांनी तिकडून परत पाटण्याला आणविल्या. विल्यम आयर्विन या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहाची दारे त्यांना उघडून दिली. आयर्विन १९११ मध्ये वारल्यावर त्यांचा उत्तरकालीन मोगलांवरील अपुरा ग्रंथ संपादून, पुरा करून प्रसिद्ध करण्याचे काम जदुनाथांनी १९२२ मध्ये तडीस नेले.

या साऱ्याचा खर्च कोठून येत होता? प्रवास अनुदान, संशोधन निधी, अभ्यास रजा या गोष्टी त्या काळच्या महाविद्यालयीन अध्यापकाच्या जगात जवळजवळ नव्हत्या. मोठा वाटा पगारातून, म्हणजे अखेरीस कुटुंबाच्या खर्चातून, जात होता. जदुनाथांच्या काटकसरी राहणीबद्दल, मितभाषी स्वभावाबद्दल आणि वेळेच्या काटेकोरपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तो स्वभावाचा भाग असेलही, पण तो अंदाजपत्रकाचाही भाग होता. ज्याला दोनच महिन्यांच्या सुट्टीत आग्र्याच्या वाटेवरील रणांगणे पाहून यायची आहेत आणि येताना हस्तलिखिताची नक्कल घ्यायची आहे, त्याला वेळही उधळता येत नाही आणि पैसाही.

महाविद्यालयात शिकवावे लागे ते वेगळेच. इंग्रजी आणि इतिहास हे दोन्ही विषय त्यांच्याकडे असत, आणि त्या काळी इतिहासाच्या अध्यापकाकडे राज्यशास्त्र व अर्थशास्त्रही सहज येऊन पडे. १९०९च्या सुमारास जदुनाथांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले आणि पुढील काही वर्षांत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आज ते विस्मरणात गेले आहे. पण मोगल महसुलाचे आकडे चाळणारा माणूस वर्गात चलन, दुष्काळ आणि जमीनधारा शिकवीत होता, हे त्यावरून कळते. रामानंद चटर्जींचे ‘मॉडर्न रिव्ह्यू’ १९०७ मध्ये सुरू झाल्यावर त्यांना एक व्यासपीठ मिळाले. एकेका प्रकरणाचा कच्चा माल तेथे लेखरूपाने आधी येई आणि देशभरच्या जाणकारांच्या नजरेखालून जाई. १९१२ मध्ये औरंगजेबाचे पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले, १९१६ मध्ये तिसरा, १९१९ मध्ये चौथा आणि १९२४ मध्ये पाचवा. शिष्यवृत्तीच्या अभ्यासापासून मोजले तर हे काम पाव शतकाचे होते.

दोन दर्जांची नोकरी

सरकारी महाविद्यालयांतील नोकरी तेव्हा दोन मजली होती. १८९६ मध्ये झालेल्या फेररचनेनुसार वरचा मजला इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचा. तिची भरती विलायतेत होई आणि ती जवळजवळ गोऱ्यांसाठीच असे. खालचा मजला प्रांतिक सेवेचा, तो एतद्देशीयांसाठी. शिकविण्याचे काम एकच, विद्यार्थी तेच, परीक्षा त्याच. पगार, बढती व मान यांत मात्र मोठे अंतर. याच अन्यायाविरुद्ध जगदीशचंद्र बोस यांनी त्याआधी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात तीन वर्षे पगार न घेता काम केले होते. त्या उदाहरणाला पुढे सरकारी धोरणाने दिलेले उत्तर म्हणजे भेद मिटविणे नव्हे, तर तो रीतसर नियमांत बसविणे.

जदुनाथ प्रांतिक सेवेत दाखल झाले आणि वीस वर्षे तेथेच राहिले. औरंगजेबाचे तीन खंड प्रसिद्ध होऊन त्यांची कीर्ती विलायतेपर्यंत गेली, तरी त्यांचा मजला बदलला नाही. १९१८ मध्ये त्यांचा वरच्या सेवेत समावेश झाला, तेव्हा त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. त्या वीस वर्षांत पगारातील फरकाने किती हस्तलिखिते विकत घेता आली असती, किती प्रवास झाला असता, याची मोजदाद आता कोणी करू शकणार नाही. साम्राज्याचे भक्त म्हणून ज्यांना हिणविले गेले, त्या जदुनाथांनी साम्राज्याच्या या भेदनीतीची किंमत रोख मोजली होती, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. त्यांनी बोसांसारखा सत्याग्रह केला नाही. ते खाली मान घालून काम करीत राहिले. हा भित्रेपणा म्हणावा की कामावरील निष्ठा, यावर मतभेद होऊ शकेल. पण बंड करण्यासाठी लागणारी शक्तीही त्यांनी औरंगजेबाच्या खात्यावर जमा केली, असे म्हणणे सत्याला सोडून होणार नाही.

१९१७ ते १९१९ या काळात ते नव्याने स्थापन झालेल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात इतिहास विभागाचे प्रमुख होते. तेथून सरकारी नोकरीत परतल्यावर त्यांना कटकच्या रॅव्हेन्शॉ महाविद्यालयात धाडण्यात आले. बिहार व ओरिसा हा प्रांत १९१२ मध्ये बंगालपासून वेगळा झाला होता आणि पाटणा व कटक ही दोन्ही शहरे त्याच प्रांतात होती. पन्नाशीला टेकलेल्या, जगभर नाव झालेल्या इतिहासकाराला खुदाबक्ष ग्रंथालयापासून दूर नेऊन ठेवताना खात्याने फारसा विचार केला असेल असे दिसत नाही. कटकमध्ये त्यांनी इंग्रजी आणि इतिहास दोन्ही शिकविले. १९२३ मध्ये ते पाटण्याला परतले आणि १९२६ मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

पाटणा ते कामशेत

महाराष्ट्राशी जदुनाथांचे नाते औरंगजेबामुळे जडले. बादशहाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत घालविली आणि तेथेच तो १७०७ मध्ये मेला. त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला मराठ्यांना टाळता येणेच शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालला. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत. एकाला फारशी साधनांचा ठाव, दुसऱ्याला मराठी व मोडी दप्तरांचा. दोघांनी आपापल्याजवळ जे विपुल होते ते दिले आणि जे दुर्मिळ होते ते घेतले. दोन देशांमधील व्यापाराने दोघांचाही लाभ होतो हा अर्थशास्त्राचा धडा या दोन मित्रांनी विद्येच्या व्यवहारात गिरविला. सरदेसाई निवृत्तीनंतर कामशेतला राहू लागले, तेव्हा जदुनाथांची तेथे ये-जा असे.

१९१९ मध्ये ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात वादळ उठले. या ग्रंथाने शिवाजीला जगाच्या इतिहासात राष्ट्रनिर्मात्याचे स्थान दिले, हे आज शांतपणे वाचणाऱ्याला दिसते. पुरंदरच्या १६६५च्या तहाची मिर्झाराजे जयसिंगाच्या बाजूने लिहिलेली पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहातून जदुनाथांनीच अभ्यासकांसमोर आणली. २३ किल्ले देण्याची पाळी का आली, मोगली छावणीत काय शिजत होते, जयसिंगाला कशाची धास्ती होती, हे त्या पत्रांवाचून कळले नसते. परंतु मराठी साधनांबद्दलचा त्यांचा अविश्वास पुण्याच्या संशोधकांना सलला. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी केली होती. कागद शोधण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या, पदरचे खाऊन खंड छापणाऱ्या माणसांची ती संस्था. त्यांच्या दृष्टीने परप्रांतातला एक सरकारी प्राध्यापक येऊन त्यांच्या कागदांची प्रतवारी करीत होता. जदुनाथांच्या दृष्टीने, समकालीन पुरावा आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर यांत फरक न करणे हा अपराध होता. पद्धतीच्या मुद्द्यावर जदुनाथांचे पारडे जड होते. साधनांच्या व्याप्तीच्या मुद्द्यावर पुण्याचे. मराठी कागदपत्रांत केवळ बखरीच नव्हत्या. महजर, निवाडे, जमाखर्च आणि पत्रे यांचा ढीग होता, आणि त्यांतून दिसणारे राज्य फारशी दरबारातून दिसणे अशक्य होते.

या वादाचे खरे मूळ पेशवे दप्तरात होते. पुण्यातल्या त्या प्रचंड संग्रहाची दारे मुंबई सरकारने वर्षानुवर्षे जवळजवळ बंद ठेवली होती. जदुनाथांच्या शिफारशीचा उपयोग होऊन १९२९ मध्ये ते काम सरदेसायांकडे सोपविण्यात आले आणि १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एवढ्या थोड्या काळात एवढे काम ही विलक्षण कामगिरी होती. पुढे पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालाही दोघांनी मिळून काढली. महादजी शिंद्यांवरचा तिचा पहिला खंड १९३६ मध्ये जदुनाथांच्या संपादनाखाली निघाला. तथापि, दप्तर एका विश्वासू माणसाच्या हाती द्यावे की सर्व अभ्यासकांना खुले करावे, हा पुणेकरांचा प्रश्न रास्तच होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या हिंदी ऐतिहासिक कागदपत्र आयोगाचे जदुनाथ आरंभापासून सदस्य होते आणि तेथेही त्यांचा कल पारखून घेतलेल्या मोजक्या अभ्यासकांना वाट देण्याकडे राहिला. खुदाबक्ष यांनी सर्वांना खुल्या केलेल्या दारातून जो माणूस आत गेला, त्याने इतरांच्या बाबतीत दार किलकिले ठेवावे, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत खटकणारा विरोधाभास आहे.

कुलगुरूंची खुर्ची

निवृत्तीच्या वर्षीच, ऑगस्ट १९२६ मध्ये, जदुनाथ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आशुतोष मुखर्जी १९२४ मध्ये वारले होते. पण विद्यापीठावर त्यांच्या अनुयायांची पकड पक्की होती. आशुतोषांनी १९१७ मध्ये विद्यापीठात पदव्युत्तर विभाग उभे केले, देशभरातून विद्वान गोळा केले, आणि हे करताना पैशाची ओढाताण व दर्जाची तडजोड पत्करली. जदुनाथ या विस्ताराचे जुने टीकाकार होते. कुलगुरुपदी आल्यावर त्यांनी काटकसर व शिस्त आणू पाहिली, आणि विद्यापीठाच्या सभागृहांत त्यांना पदोपदी विरोध झाला. दोन वर्षांची मुदत संपताच १९२८ मध्ये ते पायउतार झाले.

या प्रकरणात दोन्ही पक्षांजवळ काही सत्य होते. विस्तारावाचून दर्जा ही मूठभरांची चैन होते, आणि दर्जावाचून विस्तार ही पदव्यांची चलनवाढ होते. आशुतोषांनी पहिला धोका ओळखला, जदुनाथांनी दुसरा. स्वतंत्र भारतातील विद्यापीठांचा पुढचा सारा इतिहास या दोन टोकांमधल्या हेलकाव्यांचा आहे.

निवृत्तीनंतरचे खंड

१९२९ मध्ये जदुनाथांना ‘सर’ हा किताब मिळाला. याच सुमारास इतर माणसे आठवणी लिहावयास घेतात. त्यांनी मोगल साम्राज्याच्या अस्ताचा इतिहास हाती घेतला. त्याचे खंड १९३२, १९३४, १९३८ आणि १९५० मध्ये निघाले. पानिपत, महादजी शिंदे, दिल्लीतील मराठ्यांचे राजकारण आणि १८०३ मधील इंग्रजांची सरशी हा त्याचा विषय असल्याने तो मराठ्यांचाही इतिहास आहे. चौथा खंड प्रसिद्ध झाला त्या वर्षी त्यांनी वयाची ८० वर्षे पुरी केली.

मधल्या काळात जगाने त्यांच्याकडून पुष्कळ काही हिरावून घेतले. कलकत्त्याच्या दंगलींत त्यांचा कर्ता मुलगा मारला गेला. अन्य अपत्यांचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. फाळणीने जन्मगाव परक्या देशात गेले. ज्या राज्यव्यवस्थेत शांतता व न्याय आहे असे ते मानीत आले, तिचा शेवट त्यांच्या दाराशी रक्तपाताने झाला. या दुःखाचा उच्चार त्यांनी लेखनात होऊ दिला नाही. १९ मे १९५८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. सरदेसाई त्यांच्यामागे दीड वर्ष जगले.

त्यांच्याभोवती तयार झालेले शिष्य मोजकेच, पण जातिवंत. कालिकारंजन कानुनगो यांनी शेरशहा व जाट यांच्यावर लिहिले. सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह यांनी माळव्याच्या संक्रमणकाळावर ग्रंथ लिहिला आणि आपल्या लहानशा संस्थानात मोगल व मराठा साधनांचा असा संग्रह उभारला की आजही अभ्यासक वाकडी वाट करून तेथे जातात. १९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाने भीमसेनाच्या ‘तारीख-इ-दिलकशा’चे इंग्रजी भाषांतर जदुनाथांच्या जन्मशताब्दीचा स्मृतिग्रंथ म्हणून प्रसिद्ध केले. ज्या प्रांताशी त्यांचे सर्वांत अधिक भांडण झाले, त्यानेच अशी परतफेड केली.

हिशेबाची दुसरी बाजू

जदुनाथांचे निष्कर्ष आज जसेच्या तसे कोणी स्वीकारीत नाही. मोगल साम्राज्य औरंगजेबाच्या धर्मनीतीने आणि स्वभावदोषांनी खचले, हे त्यांचे मुख्य प्रमेय. सतीश चंद्र यांनी १९५९ मध्ये, इरफान हबीब यांनी १९६३ मध्ये आणि अतहर अली यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी प्रश्नच बदलला. जहागिरींची तूट, शेतकऱ्यांवरील महसुलाचा बोजा, सरदारांमधील स्पर्धा यांत त्यांनी अस्ताची कारणे शोधली. मजा अशी की, सुभ्यांचे आकडे आणि महसूल यांपासून जदुनाथांनी स्वतः आरंभ केला होता. पहिल्या ग्रंथात धरलेला तो धागा त्यांनी पुढे सोडून दिला आणि व्यक्तींच्या शीलाकडे मोर्चा वळविला. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या या इतिहासकाराने आपल्या दोन विषयांची गाठ शेवटपर्यंत घट्ट मारली नाही, ही त्यांच्या कार्यातील खरी उणीव आहे. इंग्रजी राज्याच्या उपकारांवरील त्यांचा विश्वासही आज पटण्यासारखा नाही.

तरीही नव्या पिढीने जी साधने वापरून त्यांना खोडून काढले, त्यांतील कितीतरी जदुनाथांनीच प्रथम उजेडात आणली होती. कलकत्त्यातील लेक टेरेसवरील त्यांच्या घरात १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांचे अभ्यास केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याच वास्तूत शेतकरी, कामगार आणि अंकित जनांचा इतिहास लिहिणारी मंडळी बसली. जदुनाथांना त्यांचे बहुतेक निष्कर्ष मानवले नसते. मात्र मूळ कागद पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये हा घराचा नियम त्यांनाही पाळावा लागला.

आता विचारावयाचा प्रश्न असा की, असे काम एखाद्या महाविद्यालयीन अध्यापकाच्या हातून आज होऊ शकेल काय? महाराष्ट्रात इतिहासलेखनाला चार प्रकारचे आश्रय मिळाले. राजवाड्यांनी फकिरी पत्करली. सरदेसायांना संस्थानचा आधार होता. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवून पटवर्धनी दप्तर उपसत राहिले. आणि चौथा आश्रय महाविद्यालयाचा. पहिले दोन काळाबरोबर गेले, तिसरा दुर्मिळच होता. उरला तो चौथा. जदुनाथांना त्यातून तीन गोष्टी मिळाल्या : कायमची नोकरी, लांब सुट्टी आणि गावात एक मोठे खुले ग्रंथालय. बाकी सारे, अन्यायासह, त्यांनी पदरचे घातले.

आज तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या तरुण अध्यापकाजवळ यांतील पहिली गोष्ट नाही, म्हणून दुसरी व तिसरीही निरुपयोगी ठरतात. ज्यांच्याजवळ कायमची नोकरी आहे, त्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये संशोधनाचे गुणांकन आणले. लेख किती, परिषदा किती, याची बेरीज होऊ लागली. ती बेरीज जदुनाथांना लावली असती, तर १९०१ ते १९१२ या अकरा वर्षांच्या तपश्चर्येत त्यांच्या रकान्यात फारसे काही जमले नसते. मोजण्याजोगे काम झटपट वाढते आणि मोठे काम मोजमापाबाहेर वाढते, हा फरक ज्या व्यवस्थेला कळत नाही ती फक्त आकडे गोळा करते.

पाव शतक एका विषयाला वाहणारा माणूस सरकारी हुकमाने निर्माण करता येत नाही, हे खरे. परंतु तो निर्माण झालाच, तर त्याला बसायला जागा, वाचायला ग्रंथ आणि उद्याच्या भाकरीची निश्चिती देणे समाजाच्या हातात असते. या तिन्हींचा खर्च फार नाही. जदुनाथांच्या चुका मोजून झाल्यावर एकदा तोही मोजून पाहावा.